ओठाजवळची रेघ

पेन्सिलमावशीच्या कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली असे, पण ती लिहायची पेन्सिल नव्हती. तिचं टोक सुईसारखं लांब, रोज सकाळी काचकागदावर घासून घासून काढलेलं. त्या टोकाने मावशी लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवायची. फोटोतल्या चेहऱ्यावरचे, अर्थात. खऱ्या चेहऱ्यावरचे घालवता आले असते तर तिने सगळ्यात आधी स्वतःचाच नंबर लावला असता.

ही निगेटिव्हच्या काळातली गोष्ट. स्टुडिओ बाजारच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाला लागून जिना चढलं की वर. पुढच्या खोलीत एक रंगवलेला पडदा, दोन दिवे आणि एक गोल स्टूल. मागे डार्करूम. या दोन्हींच्या मधे, खिडकीपाशी, मावशीचं उतरतं मेज. त्या मेजात मधोमध काच बसवलेली होती, काचेखाली आरसा होता, आणि आरशावर पडलेला खिडकीतला उजेड वर येऊन काचेवरची निगेटिव्ह उजळून टाकायचा. डोळ्याला भिंग लावून मावशी तिथे तीस वर्षं बसली होती. आता तिच्या पाठीलाही मेजासारखाच उतार आला होता.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावर जिथे काळा डाग, तिथे निगेटिव्ह पातळ, नुसत्या काचेसारखी. त्या पातळ जागेत पेन्सिलीने बारीक बारीक भरत गेलं की फोटोत तेवढी जागा उजळते आणि डाग नाहीसा होतो. याच्या उलट, एखादी जागा फोटोत गडद हवी असेल, तर तिथे सुरीच्या टोकाने निगेटिव्ह खरवडायची. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनने पुसता येते. सुरी चुकली तर ती चूक जन्माची. म्हणून मावशी सुरी क्वचित हातात घ्यायची आणि घेतली की श्वास रोखून धरायची.

स्टुडिओचे मालक पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाला म्हणायचे, "जरा हसा," आणि मागे येऊन मावशीला म्हणायचे, "यांना जरा माणसात आणा." मग मावशी देवीचे व्रण भरायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढायची, नवऱ्या मुलाची दुसरी हनुवटी गायब करायची. लोक फोटो बघून खूश व्हायचे. आपण असेच दिसतो आणि इतके दिवस आरसाच खोटं बोलत होता, अशी त्यांची खात्री पटायची.

मावशीला यात पाप दिसत नव्हतं, कारण तिच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस याच मेजावर उगवला होता. सात वर्षांची असताना तिच्या अंगावर उकळत्या पाण्याचं भांडं कलंडलं होतं. उजव्या जबड्यापासून गळ्यापर्यंतची कातडी आकसली ती कायमची. सतरा वर्षांची असताना नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला ती या स्टुडिओत आली. तेव्हा मेजावर एक म्हातारे टचिंगवाले बसायचे. त्यांनी न विचारता, न बोलता तिचा भाजल्याचा व्रण पार पुसून टाकला. फोटो हातात पडला आणि ती जिन्यातच बसून रडली. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांपुढे उभी राहून म्हणाली, "मला हे शिकवा." तो फोटो तिच्या खोलीत पलंगासमोर लावलेला होता. त्यानंतर तिने कधीही स्वतःचा फोटो काढून घेतला नाही. लग्न झालं नाही. तिला त्याचं दुःख होतं, पण ती ते बोलून दाखवायची नाही. एखाद्याने विचारलंच तर म्हणायची, "मला बघायला येणाऱ्यांच्या डोळ्यांना पेन्सिल लावता आली नाही."

दर रविवारी चर्चची उपासना संपली की मागच्या खोलीत, जिथे जादा खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असत, मावशी मोठ्या मुलींचा वर्ग घ्यायची. तेरा ते सतरा वयाच्या मुली. हा वर्ग तिच्या गळ्यात पडला कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. लहान मुलांना गोष्टी सांगायला बायका रांग लावायच्या, पण या वयाच्या मुली म्हटलं की सगळ्यांना घरची कामं आठवायची. खुद्द पाळक त्या मुलींना जरा टरकूनच असत; दारातून आशीर्वाद द्यायचे आणि सटकायचे.

मावशीला मात्र त्या आवडायच्या. त्यांचे रुसवे, त्यांच्या कुजबुजी, काल जिवलग असलेली आज शत्रू, हे सगळं ती मनापासून ऐकायची. आणि प्रत्येक रविवारी, धडा कुठलाही असो, गाडी फिरून एकाच गोष्टीवर यायची. ती म्हणायची, "पोरींनो, देवाने तुम्हाला घाईघाईत उरकलेलं नाही. बसून, निवांत, हाताने घडवलंय. त्याच्या हातून काही सांडलं नाही, काही राहून गेलं नाही. आरशापुढे उभ्या राहाल तेव्हा हे आठवा." मुली ऐकायच्या. काहींचा विश्वास बसायचा, काहींचा अर्धा बसायचा. एका मुलीचा पूर्ण बसला होता.

तिला घरी मिठू म्हणत, कारण एकदा ऐकलेलं गाणं ती पोपटासारखं जसंच्या तसं म्हणायची. पंधरा वर्षांची. डाव्या डोळ्याखालून निघून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेली एक तपकिरी जन्मखूण तिच्या गालावर होती. शाळेत तिला नकाशा म्हणत. भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "नकाशा, आज कुठला देश?" मिठू मान खाली घालायची. तिच्या शेजारी बसणारी मुलगी मात्र वळून अशी बघायची की विचारणारीला वही शोधण्याची गरज भासायची.

या शेजारणीचं नाव भिंगरी. एका जागी बसणं तिच्या रक्तात नव्हतं. ती मिठूची सावली, शाळेत आणि रविवारच्या वर्गातही, आणि रस्त्याने चालताना कायम मिठूच्या डाव्या हाताला. मावशीने एकदा गमतीने विचारलं, "काय गं, तुला उजवीकडून चालता येत नाही का?" भिंगरी म्हणाली, "मला तिचा हाच गाल आवडतो. त्या बाजूने नुसती मुलगी दिसते. या बाजूने मिठू दिसते." मावशीला हे इतकं आवडलं की तिने पुढच्या रविवारी ते वर्गात सांगितलं. मिठू लाजून लाल झाली, पण त्या दिवशी तिने केसांची बट गालावरून मागे घेऊन कानामागे खोचली. पुढे कितीतरी महिने ती बट कानामागेच होती.

वसंतात त्या वर्गातल्या सात मुलींचं दृढीकरण झालं. देवावरचा विश्वास आता आईबापांच्या तोंडून नाही, स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा दिवस. मालकांनी सातही मुलींचे एकेकटीचे फोटो काढले. मिठू स्टुलावर बसली, बट कानामागे, चेहरा सरळ समोर. भिंगरी दिव्यामागे उभी राहून तोंडं वेडीवाकडी करत होती, म्हणून मिठूच्या ओठांवर हसू होतं, दाबून धरलेलं.

त्या सात निगेटिव्ह मेजावर आल्या तेव्हा मावशीच्या मनात विचार आला की या पोरीला आपण काहीतरी द्यावं. म्हाताऱ्यांनी मला दिलं तसं. न विचारता, न बोलता. बाकी सहा फोटोंना तिने नेहमीचाच हात लावला, एखाददुसरी पुटकुळी. मिठूच्या निगेटिव्हवर मात्र ती अडीच दिवस बसली. तो गाल तिने टाचणीच्या टोकाएवढ्या टिंबांनी भरला. काम संपल्यावर लक्षात आलं की भरता भरता ओठाचा कोपराही फिका पडलाय, कारण खूण तिथे ओठात अशी मिसळली होती की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळू नये. मग मावशीने सुरी घेतली. श्वास रोखला आणि ओठाच्या कडेने एक केसासारखी रेघ खरवडली. ओठ स्वच्छ उठून आला. एवढं सुंदर काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

मिठूने फोटो हातात घेतला आणि खूप वेळ बघितला. मावशी तिच्या रडण्याची वाट बघत होती, स्वतः जिन्यात बसून रडली होती तसं. पण मिठू रडली नाही. तिने हळूच विचारलं, "मावशी, मी अशी असते तर बरी दिसले असते ना?"

"बघ तरी, किती गोड दिसतेस," मावशी म्हणाली. तिने दुसरं काय म्हणायचं होतं? तिला वाटलं, पोर हरखलीय. मिठूने थँक्यू म्हटलं, फोटो पिशवीत घातला आणि जिना उतरली. खाली पोचेपर्यंत ती बट गालावर आली होती, पण वरून ते मावशीला दिसलं नाही.

पावसाळा संपता संपता मिठूला ताप आला. आधी साधा वाटला, मग छातीत उतरला. दवाखान्यात नऊ दिवस होती. मावशी तीनदा भेटायला गेली. तिन्ही वेळा मिठू डाव्या कुशीवर, डावा गाल उशीत रुतवून पडली होती. मावशीला वाटलं, या कुशीवर तिला श्वास घ्यायला बरं पडत असेल. तिने तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. मिठूने आमेन म्हटलं, तेही उशीतच. नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

चर्चमध्ये शवपेटीवर तोच फोटो ठेवला होता. दुसरा होताच कुठे? लोक एकमेकांना सांगत होते, किती सुंदर होती मुलगी. मिठूची आई पहिल्या बाकावर बसून फोटोकडे अशी बघत होती की जणू कुणा परक्याचं अंत्यविधीचं पत्र चुकून तिच्या दारात पडलंय. मावशी मागे बसून रडत होती. आपण त्या पोरीला निदान एक तरी सुंदर फोटो दिला, एवढ्याच समाधानाला ती धरून होती.

ते समाधान पुरते चार दिवसही टिकलं नाही.

मिठूची आई लाँड्रीत इस्त्री करायची. नवरा दुसऱ्या शहरात, वर्षातून एकदा पत्र पाठवणारा. लेकीला तिने एकटीने वाढवलं होतं. बुधवारी सकाळी ती जिना चढून वर आली, हातात कागदात गुंडाळलेला, काचेच्या चौकटीतला फोटो. मावशीने मेजावरून मान वर केली आणि म्हणाली, "या ना मिठूच्या आई, बसा."

ती बसली नाही. फोटो मेजावर ठेवून म्हणाली, "हा परत घ्या."

"काच फुटली का? बदलून देते."

"काच नाही फुटली. ही माझी मुलगी नाही."

मावशीला आधी कळेचना. आई बोलत राहिली, आवाज न चढवता, कपड्याची घडी घालावी तशी एकेक गोष्ट नीट मांडत. "लहानपणी ती निजायची नाही. मी तिच्या गालावरच्या खुणेवर अंगठा ठेवायचे, मग डोळे मिटायची. पंधरा वर्षं मी तो गाल बघितला. आता कामावर इस्त्री फिरवताना मनात तो गाल काढत बसते, डोळ्याखालून सुरू व्हायचा, मग इथे रुंद, मग खाली. काल मला डोळ्याखालचं टोक आठवेना. गोल होतं की निमुळतं? घरी जाऊन फोटोत बघायला गेले. फोटोत ही. मला ती विसरायला होतेय, मावशी. अजून आठवडासुद्धा झाला नाही. आणि माझ्याकडे बघायला काही नाही."

मावशीने कागद उलगडून फोटो बघितला.

"रविवारी चर्चमध्ये तिच्या आठवणीची प्रार्थना आहे," आई म्हणाली. "तिथे ही मुलगी ठेवू नका. जमलं तर माझी ठेवा."

ती गेली. मावशी कितीतरी वेळ भिंग हातात धरून बसून राहिली. मग उठली आणि कपाटातून दृढीकरणाच्या मुलींची पाकिटं काढली. मिठूची निगेटिव्ह होती. मालकांनी तिचा इरादा ऐकला आणि ते चपापले. "ही एकच निगेटिव्ह आहे. टर्पेंटाइनने पुसताना वरचा थर सोलला तर हाही फोटो गेला आणि तोही. मग त्या बाईला काय देणार?" ते बरोबरच बोलत होते. दोन दिवस मावशी त्या निगेटिव्हला नुसती भिंगातून बघत राहिली आणि हात लावायला धजली नाही. गालावरची तिची टिंबं एकेक मोजता येतील इतकी स्पष्ट दिसत होती. ती तिला स्वतःच्याच हस्ताक्षरातल्या पत्रासारखी वाटली, आणि पत्रात काय लिहिलंय ते आता कुठे वाचता येत होतं. देवाने तुझ्यात काही सांडलंय, मी ते पुसते. रविवारी तोंडाने एक सांगितलं आणि सोमवारी हाताने दुसरंच लिहिलं. तेही त्या एकाच मुलीला, जिने तोंडचं खरं मानलं होतं.

शनिवारी दुपारी भिंगरी आली. मिठू गेल्यापासून ती फिरायची थांबली होती. येऊन मावशीच्या मेजापाशी बसली ती बसूनच राहिली. "मिठूच्या आईने तुमच्याकडे तिचा खरा फोटो मागितलाय," ती म्हणाली. "मी बघायला आले."

"मला भीती वाटतेय गं," मावशी म्हणाली. एवढ्याशा मुलीपुढे ती हे का बोलली, तिलाच कळलं नाही.

भिंगरी म्हणाली, "मावशी, एक सांगू? तुम्हाला वाईट वाटेल."

"सांग."

"दवाखान्यात ती त्या कुशीवर झोपायची ना, ते बरं वाटायचं म्हणून नाही. कुणी भेटायला आलं की मला म्हणायची, मला वळव. गाल दिसायला नको. तिला वळायची ताकद नव्हती. मीच वळवायचे. तुम्ही आलात तेव्हाही मीच वळवलं. ती म्हणाली, मावशी इतक्या चांगल्या आहेत, त्यांनाही तो बघवला नाही. मी नाही म्हणायला हवं होतं. मी तिची मैत्रीण ना? मी म्हणायला हवं होतं, नाही वळवणार."

मावशीने तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या, पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसलं होतं तरी. मावशीला वाटलं, आत काहीतरी खरवडलं गेलंय आणि ते आता कधी भरून येणार नाही. ती भिंगरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही, पोरी. तिने जे मागितलं ते तू दिलंस, आणि शेवटपर्यंत तिच्यापाशी बसलीस. जे चुकलं ते माझं. मी तिने न मागितलेलं दिलं." मग तिने डोळे पुसले, हात साबणाने धुतले आणि म्हणाली, "ये. तुझी मदत लागेल."

कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये ओलवून मावशीने देवाचं नाव घेतलं आणि निगेटिव्हवर टेकवला. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. अडीच दिवसांची पेन्सिल बोळ्याला करडी होऊन येऊ लागली. सहा बोळे लागले. थर सोलला नाही. डार्करूममध्ये दोघी लाल दिव्याखाली ट्रेवर वाकल्या. मावशीने फोटो मोठा करून चेहरा खऱ्याएवढा केला होता. का ते तिने भिंगरीला सांगितलं नाही. औषधाच्या पाण्यात कोरा कागद हलत होता. आधी केस आले, मग डोळे, मग दाबलेलं हसू. आणि मग डाव्या डोळ्याखालून, निमुळत्या टोकापासून, ती खूण उतरू लागली.

"आली," भिंगरी म्हणाली, आणि तोंडावर हात धरून उभी राहिली.

खूण तिथेच होती, मावशीच्या पेन्सिलीखाली, इतके महिने. सगळी आली. फक्त ओठाच्या कोपऱ्याशी सुरीची ती रेघ तशीच राहिली, काळी आणि धारदार, गाल आणि ओठ यांच्यामधे कुंपण घातल्यासारखी. उजेडात आणून मावशीने बारीक ब्रश घेतला. "इथे कसं होतं?" तिने विचारलं. तिला, तीस वर्षं चेहरे बघणाऱ्या बाईला, आठवत नव्हतं. भिंगरीला आठवत होतं. "इथे थोडं ओठावर यायचं. नाही, इतकं नाही. ती हसली की हे आत जायचं. हां, एवढंच." भिंगरी सांगत गेली आणि मावशी रेघेच्या दोन्ही बाजू टिंबाटिंबाने गडद करत गेली. रेघ बरीचशी बुडाली. पूर्ण नाही.

रविवारी उपासनेच्या आधी मावशी लाँड्रीवालीच्या घरी फोटो घेऊन गेली. एकच खोली, खिडकीपाशी मिठूच्या शाळेचं दप्तर अजून खुंटीला. आईने कागद सोडला. मग उजवा अंगठा, इस्त्रीने टोक भाजून भाजून कडक झालेला, तिने फोटोतल्या गालावर, खूण रुंद होते तिथे टेकवला. तो बरोबर बसला. ती तशीच बसून राहिली, डोळे मिटून, अंगठा न उचलता. मावशी दाराशी उभी होती. तिला आत यायचं की जायचं, कळत नव्हतं.

खूप वेळाने आईने डोळे उघडले आणि फोटो उजेडात धरला. शर्टाच्या कॉलरची एकही चुणी न सोडणारे डोळे होते ते. "इथे ओठाजवळ काहीतरी आहे," ती म्हणाली.

"तिथे मी सुरी लावली होती. ते परत येत नाही." मग मावशीने सगळं सांगितलं. भेट म्हणून काय केलं, मिठूने काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, दवाखान्यातली कूस. काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाली, "मला माफ करा, असं म्हणायलाही तोंड नाही."

आईने फोटो पदराने पुसला, कुठेही धूळ नसताना. "तुम्ही वाईट मनाने नाही केलं," ती म्हणाली. "पण हे जे आत्ता मला सांगितलंत, ते तिला सांगायला हवं होतं."

"हो," मावशी म्हणाली.

त्या दिवशी वर्गात सहा मुली होत्या आणि एक खुर्ची रिकामी. मावशीने धडा काढलाच नाही. कानामागची पेन्सिल काढून तिने टेबलावर ठेवली. "पोरींनो, मी रविवारी तुम्हाला जे सांगत आले, ते सोमवारी माझ्या हाताला सांगायला विसरले," ती म्हणाली, आणि मिठूच्या फोटोची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मग म्हणाली, "मी सतरा वर्षांची होते तेव्हा एका भल्या माणसाने माझा व्रण पुसला. मला वाटलं, त्याने माझ्यावर प्रेम केलं. तीस वर्षं मी त्या फोटोपुढे झोपते आणि उठते, आणि तीस वर्षं मला त्या फोटोतल्या मुलीची लाज वाटते, कारण मी ती नाही. हे मला आत्ता कळलं, तेही एका मुलीचा जीव दुखवून. तुम्हाला कुणी प्रेमाने म्हणालं की तू अशी असतीस तर बरं झालं असतं, तर ते माणूस चुकतंय. मी असले तरी. तुमच्या आईने म्हटलं तरी. प्रभूने तुमच्यासाठी जीव दिला तो तुमच्या पुसलेल्या फोटोसाठी नाही. आणि मैत्रीण अशी शोधा, जिला तुमचा तोच गाल आवडतो. सापडली नाही तर तशी मैत्रीण व्हा."

भिंगरी उठली आणि रिकाम्या खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.

मावशीने नोकरी सोडली नाही. पोट होतं, आणि मालकांना दुसरं कुणी मिळणार नव्हतं. पण मुलगी फोटो काढायला आली की ती मेजावरून उठून पुढच्या खोलीत यायची, स्टुलासमोर उभी राहायची आणि विचारायची, "यात काय ठेवू?" मुली गोंधळायच्या. काय काढायचं ते सगळ्यांना पाठ असायचं, काय ठेवायचं ते कुणी विचारलेलं नसायचं. मावशी वाट बघायची. एखादी डोळे म्हणायची, एखादी काहीच नाही म्हणायची, आणि मग मावशी तिच्याजवळ बसून तिला सांगायची, ते सगळं, पहिल्यापासून. मालक घड्याळाकडे बघत राहायचे. पुढे त्यांनीही बघणं सोडलं.

खोलीतला तो जुना फोटो तिने भिंतीवरून उतरवला. त्याची निगेटिव्ह केव्हाच हरवली होती, त्यामुळे त्यातली पेन्सिल पुसता येण्यासारखी नव्हती. त्या जागी खिळा तेवढा राहिला.

सांगण्यासारखं तिने पुढे शेकडो मुलींना सांगितलं. पण ज्या एकीला सांगायचं होतं तिला सांगायचं राहिलंच, आणि याची टोचणी तिला शेवटपर्यंत होती. रोज सकाळी कामाला बसताना, काचकागदावर पेन्सिल घासण्याआधी, ती डोळे मिटून तेच म्हणायची. "प्रभू, तिला एवढा निरोप दे. म्हणावं, मावशीने पेन्सिल पुसली. सगळी पुसली. ओठाजवळचं तेवढं आलं नाही. ते तुझ्याकडे असेल, जसं होतं तसं." मग ती भिंग डोळ्याला लावायची आणि पहिली निगेटिव्ह काचेवर ठेवायची.